श्टुटगार्ट (जर्मनी): डेप्युटेशन घेऊ की लोकल काँट्रॅक्ट?

हिंजवडीकर४१:
नमस्कार मंडळी. वय ४१, घरी बायको आणि सात वर्षांची लेक. कंपनीने दोन पर्याय दिलेत. एक, तीन वर्षं डेप्युटेशन, पीएफ इकडेच चालू. दुसरा, राजीनामा देऊन तिकडच्या कंपनीत लोकल. रुजू १५ ऑक्टोबरला. लोकलचा आकडा मोठा दिसतो, पण पेन्शनपोटी ९.३ टक्के कापणार. परत आलो तर ते बुडीत खाती का? मध्ये स्वतःचा धंदा करून हात पोळले, त्यामुळे ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) आठच वर्षं भरलीत, पेन्शनला लागणाऱ्या दहाला दोन कमी. एचआरवाली म्हणते, ईपीएसचा १०सी फॉर्म भरा आणि पैसे काढून मोकळे व्हा. सासरे म्हणतात, पीपीएफ मोडा. कराडला आई आणि माझ्या नावावर दोन एकर. दहा-बारा वर्षं राहायचा विचार आहे, कायमचं नाही. (असं सगळेच म्हणतात, माहीत आहे.)

नेकारकाठ:
अकरा वर्षं इथेच आहे. १०सी जरूर भरा, पण पैशांसाठी नाही, स्कीम सर्टिफिकेटसाठी, म्हणजे भरलेली वर्षं जमा असल्याच्या दाखल्यासाठी. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पात्रता मोजताना दोन्हीकडची वर्षं जोडतात, त्यामुळे तुमची आठ आणि इथली दोन मिळून दहा झाली. रक्कम मात्र आठ वर्षांचीच, महिना दोन हजारांच्या आत. पण आयुष्यभर येणारे पैसे का सोडायचे?

इथल्या पेन्शनला किमान पाच वर्षं लागतात. दहा काढलीत तर ६७ पासून कराडात बसून घ्या. पाच पूर्ण व्हायच्या आत परतलात तर युरोपीय संघाबाहेर २४ महिने काढून आपला वाटा परत मागता येतो, कंपनीने भरलेला तेवढाच वाटा मात्र गेला.

डेप्युटेशनवर ईपीएफओचं (पीएफ कार्यालयाचं) कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे भारतात भरणा चालू असल्याचा दाखला, घेतलं की ४८ महिने इथे पेन्शन कापत नाहीत. हातात जास्त पडतं, म्हणून पोरं खूश होतात. पण ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) २७ महिन्यांत, जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत असेल तर २१ महिन्यांत, कायम वास्तव्याचा परवाना मिळतो, आणि तेवढे महिने पेन्शनमध्ये पैसे भरलेले लागतात. ते ९.३ टक्के नुसते म्हातारपणासाठी नाहीत. माझा एक मित्र तीन वर्षं कंपनीच्या सर्टिफिकेटवर राहिला आणि मग शून्यापासून मोजायला बसला.

वहीखातं:
तारखेकडे कुणाचंच लक्ष नाही! १५ ऑक्टोबरपर्यंत भारतात राहिलात तर या आर्थिक वर्षात १९८ दिवस होतात. १८२ झाले की त्या वर्षापुरते तुम्ही इथले रहिवासी, म्हणजे मार्चपर्यंतचा जर्मन पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखवा, तिकडचं बँक खातं दाखवा. दुहेरी कर टाळता येतो, पण कागदांचा व्याप कोण करणार? २७ सप्टेंबरच्या आत विमानात बसा.

पीपीएफ मोडू नका. मुदत संपेपर्यंत चालतं, फक्त पुढे वाढवता येत नाही. आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) ठेवीचं व्याज करमुक्त, ते भारतात. जर्मनीला त्याचं सोयरसुतक नाही. नवरा-बायकोचे मिळून २,००० युरो माफ, त्यापुढच्या व्याजावर २५ टक्के कर आणि शिवाय अधिभार.

सांगलीची_पोर:
खासगी आरोग्य विमा स्वस्त वाटतो म्हणून घेऊ नका. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारी बायको आणि लेक तुमच्याच हप्त्यात येतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि ५५ नंतर परतीची वाट जवळपास बंद. शेत आहे ते राहू द्या. एनआरआयला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे एकदा विकलीत की विकली.

हिंजवडीकर४१:
सप्टेंबरचं ऐकून पोटात गोळा आला, लेकीची सहामाही त्याच आठवड्यात आहे. मी आधी जातो, त्या दोघी दिवाळीनंतर. लोकलच घेतोय. १०सी मध्ये पैसे काढायच्या रकान्यावर टिक करून ठेवली होती, ती काल खोडली. सासऱ्यांना पीपीएफचं अजून सांगितलेलं नाही.