बेल्ट बदलला, पण मोअर जागचा हलेना

इंजिन चालतंय, पाती फिरतायत, पण नवीन ड्राइव्ह बेल्ट घातल्यापासून बसून चालवायचा गवत कापायचा मोअर हलत नाही, म्हणजे ट्रान्समिशनच (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग) गेलं, असं तुम्ही म्हणताय. एवढ्यात खिशात हात घालू नका.

ट्रान्समिशन हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं असेल, तर आधी मागच्या बाजूचा फ्रीव्हील रॉड, म्हणजे ढकलण्यासाठी चाकं मोकळी करणारा दांडा, बघा. बंद मोअर गराजमध्ये ढकलताना आपण तो ओढतो आणि मग विसरतो. मी इथे ओहायोत अख्खा शनिवार बेल्टशी झटापट केली आणि शेवटी तो रॉड तेवढा आत ढकलला. बायको अजून ऐकवते!

रॉड जागेवर असेल तर इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा आणि टॉर्च घेऊन खाली डोकवा. पुलीजवळ बेल्ट सुटू नये म्हणून पिना असतात, बेल्ट त्यांच्या आतूनच जायला हवा. खाचेच्या पुलीत बेल्टची निमुळती बाजू बसते, सपाट आयडलरवर (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीवर) पाठ. आयडलरची स्प्रिंग परत अडकवलीत ना? ती सुटली की ताणच येत नाही.

आणि बेल्ट जुन्याच्या मापाने आणलात का? जुना ताणून लांबलेला असतो, त्यामुळे नवाही सैल येतो. मॅन्युअलमधला पार्ट नंबरच धरा. साध्या बेल्टपेक्षा केव्हलारच्या (एक खूप मजबूत धागा) दोऱ्याचा घेतलेला बरा.

एवढं करूनही हलला नाही, तर मॅन्युअलप्रमाणे ट्रान्समिशनमधली हवा काढून बघा. काय निघालं ते इथे लिहा.