मदत हवी आहे : शिडाची बोट, दशावतार आणि पिंगुळीच्या बाहुल्या

मतलई
तातडीने मदत हवी आहे. शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला चाललो आहोत. इथे नांगर टाकून दोन दिवस झाले. किल्ला पाहून झाला. आता मुलीला चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट) आणि कळसूत्री बाहुल्या बघायच्या आहेत आणि मला दशावतारी नाटकाचा अख्ख्या रात्रीचा प्रयोग. बंदरावर दोघांना विचारलं, तर एकाने तारकर्लीच्या स्कूबावाल्याचा नंबर दिला, दुसऱ्याने होडीतून फेरी मारायला सांगितलं. पाण्यातलं काही नको आहे, पाण्यातच तर आहोत! चार दिवसांत गोव्यात पोचायचंय. कुठे उतरू, कसा जाऊ, आणि आज दशावतार कुठे आहे हे कळतं कसं? नेमकं सांगा.

नांगरदोर
"इथे" म्हणजे कुठे? बोट पाण्याखाली किती आहे? बोटीवर माणसं किती? हे कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तर ऐकू नका.

कुडाळचो
पिंगुळी आमच्या कुडाळाक लागानच आसा. ठाकर आदिवासी कला आंगण म्हणान विचारा, रिक्षावालो दारात नेऊन सोडतलो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. बोट मालवणला लावा आणि सरळ कुडाळला या. तास-सव्वा तासात पोचाल.

नांगरदोर
मालवण बंदरात खडक किती आहेत ठाऊक आहे का? सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली कातळच कातळ आहे. तिथल्या मच्छीमाराला बरोबर घेतल्याशिवाय नवख्याने शिरू नये. शिवाय तो सागरी अभयारण्याचा भाग आहे, वाटेल तिथे नांगर टाकायचा नसतो.

कुडाळचो
आमचे लोक रोज आत-बाहेर करतात.

नांगरदोर
ते तिथे जन्मलेत. हे गृहस्थ मुंबईहून आलेत आणि बोटीच्या तळाला पाण्यात खोल जाणारी कील आहे. मच्छीमार होडीची गोष्ट वेगळी.

बापू_वसईकर
इतक्या लांब कशाला? परत येताना डहाणूला उतरा. वारली चित्रकला पाड्यावर जाऊन बघता येते, मुलीला खूप आवडेल. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं चित्र, जिव्या सोमा म्हशे यांनी ते कागदावर आणून जगापुढे नेलं.

मतलई
बापू, धन्यवाद, पण डहाणू मुंबईच्याही उत्तरेला आहे. आम्ही दक्षिणेला चाललोय.
नांगरदोर, विजयदुर्गला आहोत. लिहायचं राहिलं, किल्ला म्हटलं की कळेल असं वाटलं. ड्राफ्ट, म्हणजे बोटीचा पाण्याखालचा भाग, दीड मीटर. आम्ही तिघं, मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी.

नांगरदोर
मग प्रश्न रस्त्याचा नाहीच. मोठी माणसं दोन, आणि दशावतार रात्रभर चालतो. त्या रात्री बोटीवर कोण राहणार? दुपारी वायव्येचा वारा भरतो, पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे येणारा वारा, सुटते, बोट नांगरावर पूर्ण फिरते. सैल नांगरावर रिकामी बोट सोडून कुणी जात नाही.

सुरंगी
दादा, घाबरवू नका त्यांना. मतलई, विजयदुर्गलाच थांबा. किल्ल्याच्या आडोशाला वाघोटन खाडीत आहात, इतकी चांगली जागा पुढे पटकन मिळणार नाही. तळेऱ्यावरून हायवेला लागा, मग कणकवली, मग कुडाळ. एसटी आहे, पण मुलगी बरोबर असेल तर दिवसभराची गाडी ठरवा. पिंगुळी दिवसाचं काम आहे. आई आणि लेकीने जावं, तुम्ही बोटीवर राहा. रात्रीच्या दशावताराला अदलाबदल करा.

चित्रकथी बघताना एक करा, चित्र हातात घेऊ देतात का विचारा. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, दोन्ही बाजूंना चित्र. अशा चित्रांच्या गड्डीला पोथी म्हणतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो, गोष्ट पुढे सरकली की ते उलटतो. मी पाहिलं तेव्हा रामायणातला प्रसंग होता. रेषा जाड, डोळे मोठे, चेहरे एका बाजूने. सांगणाऱ्याचा आवाज चढला की चित्रातला राक्षस हलल्यासारखा वाटायचा. माझ्या मुलाने घरी येऊन आठवडाभर तसेच डोळे काढले.

गंजिफा
सावंतवाडी विसरू नका. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, सगळे गोल. विजयदुर्गहून एका दिवसात पिंगुळी आणि सावंतवाडी दोन्ही होईल. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणीही बघा.

कुडाळचो
एका दिवसात दोन्ही करू नका, पिंगुळीत अर्धा दिवस तरी द्या. धावतपळत आलेला माणूस बाहुलीबरोबर फोटो काढतो आणि जातो. खेळ बघायचा तर आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. कलावंत माणसं आहेत, कामाला बाहेर गेलेली असतात.

बापू_वसईकर
देवगडचे हापूस या दिवसांत मिळतील का? पत्नी विचारते आहे.

सुरंगी
बापू, डिसेंबरात मोहोर. एप्रिलपर्यंत थांबा.

मतलई
आंबे नंतर. दशावतार कळतो कसा, हे अजून कुणीच सांगितलं नाही.

कुडाळचो
कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, त्या जत्रेत दहीकाला असतो. आमच्याकडे दशावताराक दहीकालोच म्हणतत. सकाळी स्थानिक पेपर घ्या, कुठल्या कंपनीचा प्रयोग कुठल्या गावात ते छापून येतं. नाहीतर एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो. आधी आड दशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग: गणपती, शारदा, मग संकासुर राक्षस. आख्यान, म्हणजे मुख्य गोष्ट, त्याच्यानंतर. लवकर उठून जाऊ नका, उजाडता उजाडता दहीहंडी फुटते तो शेवट. आणि संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. म्हणून तेच आख्यान दोनदा बघितलं तरी वेगळं.

सुरंगी
थोडं आधी जा. देवळाच्या कडेला नट स्वतःच रंग लावत बसलेले असतात. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने भुवई. तोच माणूस तासाभराने राणी होऊन येतो. पायपेटी आणि पखवाज लागला की पुढची जागा मिळत नाही. परवानगी विचारून बसा, फ्लॅश मारू नका.

गंजिफा
आंगणेवाडीची जत्राही करा, तिथे खूप गर्दी असते.

कुडाळचो
ती आताची नव्हे. भराडी देवीची तारीख पंचांगात नसते, कौल घेऊन ठरते. आणि तिथे दशावतारासाठी नाही, देवीसाठी जायचं.

नांगरदोर
मतलई, दशावताराला जाल त्या रात्री बायको एकटी बोटीवर असेल. नांगराची साखळी जास्त सोडा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून ठेवायला त्यांना शिकवा. खुणा सरकल्या तर नांगर घसरतोय. आणि बंदर कार्यालयात नोंद करा, किनाऱ्यावरच्या होडीवाल्याचा फोन त्यांच्याकडे ठेवा.

मतलई
सगळ्यांचे आभार. काल बायको आणि मुलगी पिंगुळीला जाऊन आल्या, सावंतवाडी सोडून दिली. मुलीने बाहुलीचे दोरे हातात धरले, मान हलवायला एक आणि हाताला दुसरा, आणि परत आल्यावर जेवताना तिची बोटं तशीच हलत होती. आज चहावाल्याने तळेऱ्याच्या पुढे एका गावात जत्रा असल्याचं सांगितलं. साखळी जास्त सोडली आहे. बायकोने दीपगृह आणि बुरुजाचा कोपरा अशा दोन खुणा ठरवल्या आहेत, दीपगृहाचा दिवा रात्रीही दिसतो. बुरूज अंधारात दिसणार नाही, त्याच्याऐवजी काय धरावं?

नांगरदोर
जेट्टीवरचा दिवा चालेल, पण तो रात्रभर चालू असतो का ते आधी विचारा. मच्छीमार होडीचा दिवा धरू नका, होडी जाते.