'निएलो'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : आमच्या म्हापशाच्या घरी पणजोबांची चांदीची तपकिरीची डबी आहे. झाकणावर वेल कोरली आहे आणि तिच्या रेषा काळ्याभोर आहेत. वडील या कामाला पोर्तुगीज वळणाने 'निएलो' म्हणत. घरातल्या जुन्या वस्तूंची मराठीत यादी करते आहे. 'बिदरी' लिहू का?

उत्तर : ताई, बिदरी नको. बिदरचे कारागीर साधारण 16 भाग जस्तात 1 भाग तांबे मिसळून भांडे ओततात, नक्षी कोरतात आणि त्या चरांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून चोळली की जस्त काळे पडते, चांदी तशीच उजळ राहते. म्हणजे तिथे जमीन काळी, नक्षी पांढरी. तुमच्या डबीवर नेमके उलटे आहे.

निएलोत चांदी, तांबे, शिसे गंधकाबरोबर वितळवून काळा मसाला करतात. त्याची पूड कोरलेल्या रेषांत भरून तापवतात. ती वितळून रेषांत बसते, मग वरचे घासून सपाट करतात. नावही लॅटिनमधल्या 'काळा' या अर्थाच्या शब्दावरूनच आले. थायलंडमधले नखोन सी थम्मरात या कामासाठी प्रसिद्ध आहे.

'मीना'ही चालणार नाही, मीना काचेचा असतो. 'जडाव' मला खटकतो, कारण आपण जडवतो तो खडा, घट्ट वस्तू. इथे तर मसाला वितळून रेषेत उतरतो. बाजारात 'ऑक्सिडाइज्ड चांदी' म्हणतात, तो शब्द तर मुळातच चुकीचा. तो काळा थर बहुधा गंधकाचा, म्हणजे सल्फाइडचा असतो, शिवाय वरवरचा. घासला की जातो.

मी 'काळभरण' सुचवेन.

प्रश्नकर्ती : फरक कळला, पण 'काळभरण' वाचून आधी यमच डोळ्यांपुढे येतो! काल डबी आमच्या शेटांना, म्हणजे सोनारांना, दाखवली. भिंग लावून ते एवढेच म्हणाले, "हांगा काळें भरलां."

उत्तर : मग शब्द शेटांनीच दिला की! माझा मागे घेतो. यादीत लिहा : 'चांदीची तपकिरीची डबी, काळ्या भरणीची'. पुढे कंसात निएलो. वडिलांचा शब्दही राहू द्या.