शब्दचर्चा: 'भाऊ' म्हणजे सख्खा की राहुटीतला?

पिंपळपान
एका ऐतिहासिक कादंबरीचा अनुवाद करते आहे. काळ इ.स. १००च्या आसपासचा, जागा ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरचं विंदोलांडा हे रोमन ठाणं. तिथे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं १९७३पासून सापडत आली आहेत हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. कादंबरीतलं एक पत्र त्यातल्याच एका खऱ्या पत्रावर बेतलेलं आहे. क्राउत्तियुस नावाचा माणूस वेल्देइयुसला लिहितो. मायना असा: 'फ्रात्री कोंतुबेर्नाली आंतिक्वो', म्हणजे 'भावाला, जुन्या तंबूसोबत्याला'. पुढे तक्रार, की इतके दिवस झाले तरी तुझं उत्तर नाही. मग 'आपल्या आईवडिलांची काही खबर?' त्याच पत्रात तो विरिलिस नावाच्या पशुवैद्याकडून पैसे देऊन कात्री मागवतो, त्यालाही भाऊ म्हणतो आणि थुत्तेना नावाच्या बाईला बहीण.

हे दोघे सख्खे भाऊ की नुसते एका तंबूतले, हे अभ्यासकांना ठरवता आलेलं नाही, आणि लेखकाने कादंबरी त्यावरच उभी केली आहे. शेवटच्या भागापर्यंत वाचकाला ते कळता कामा नये. माझे संपादक म्हणतात, 'मराठीत भाऊ म्हटलं की सख्खाच. मित्राला मित्र म्हणा.' दोन्ही अर्थ झाकून ठेवेल असा शब्द हवा आहे. हाकेतही चालला पाहिजे. 'कोंतुबेर्नालिस'लाही काही सुचवा.

रंकाळा
भावा! यात विचार करण्यासारखं काय आहे? आमच्या कोल्हापुरात सख्ख्याला भावा, तालमीतल्याला भावा, अनोळखी माणसाची गाडी ढकलायला हात लावला तर त्यालाही भावा. संपादकांना एकदा इकडे पाठवा.

टाकणखार
दुसऱ्या शतकाच्या तोंडावर असलेल्या शिपायाच्या तोंडी 'भावा' घातलं तर वाचक थेट आजच्या कट्ट्यावर येऊन बसेल. ऐतिहासिक कादंबरीची भाषा किमान शंभर वर्षं मागची वाटली पाहिजे. 'बंधो' वापरा.

रंकाळा
'बंधो' कोण म्हणतं? संगीत नाटकातली पात्रं. हा माणूस पत्रात कातर मागतोय, उत्तर दिलं नाहीस म्हणून रागावलाय. त्याच्या जिभेला 'बंधो' वळणार नाही. आणि 'भावा' कालपरवाचं आहे हा समज शहरातला. माझी पणजी भावाला ओवाळताना 'माज्या भावा' म्हणायची, ते काय कट्ट्यावरून शिकून?

फौजीची_नात
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांचा शब्द होता 'जोडीदार'. एका खंदकातला, एका ताटात जेवणारा तो जोडीदार. मित्र हा शब्द त्यांनी त्या माणसासाठी कधीच वापरला नाही. तो जोडीदार साताऱ्याकडचा, आम्ही नगरकडचे, जातही वेगळी. तरी लग्नकार्यात आहेर भावकीच्या बरोबरीने यायचा आणि जायचा. जोडीदार गेल्याची तार आली तेव्हा आजोबांनी दहा दिवस सुतक पाळलं. भटजींनी येऊन सांगितलं की तुम्हाला ते लागत नाही. आजोबांनी उंबऱ्याबाहेरूनच त्यांना परत पाठवलं. दाढी वाढलेली, खाली घोंगडीवर झोपणं, गोडधोड बंद. दहाव्याला गावच्या नदीवर जाऊन डोकं भादरून आले. म्हणून म्हणते, तुमच्या संपादकांना 'भाऊ' आणि 'मित्र' या दोनच पेट्या दिसतात, मधली जागा दिसत नाही. जोडीदार हा त्या जागेचा शब्द आहे.

आडवाट
+१. रोमन सैन्यातही असंच आढळतं. शिपायाच्या थडग्याचा दगड पुष्कळदा त्याच्या वारसाने उभारलेला असतो, आणि वारस हा बऱ्याचदा त्याच तुकडीतला शिपाई. कधी कधी तो स्वतःला 'भाऊ आणि वारस' म्हणवतो. रक्ताचा की बरोबरीचा, हे कळायला वडिलांचं नाव बघावं लागतं. जर्मनीत क्सांटेनजवळ मिळालेला मार्कुस कायलियुसचा दगड घ्या. इ.स. ९मध्ये रोमन सेनापती वारुसच्या सैन्याची जंगलात कत्तल झाली, त्यात हा अठराव्या लीजनचा (रोमन नागरिकांच्या मोठ्या पलटणीचा) सेंच्युरियन, म्हणजे शतपती, गेला, वय ५३. दगड पुब्लियुस कायलियुसने उभारला. दोघांपुढे 'तितुसचा मुलगा' लिहिलंय, म्हणजे सख्खे. प्रेत मिळालेलं नव्हतं, म्हणून 'हाडं मिळाली तर इथे ठेवायला मुभा आहे' असंही कोरून ठेवलंय. पत्रात मात्र बापाचं नाव कोण लिहितो? तिथे 'फ्रातेर', म्हणजे भाऊ, मोकळाच राहतो.

टाकणखार
'जोडीदार'ला माझी हरकत आहे. आजच्या वाचकाला जोडीदार म्हणजे नवरा किंवा बायको. 'आयुष्याचा जोडीदार' हा वधू-वर सूचक मंडळांच्या जाहिरातींचा शब्द झालाय. वाचक भलताच अर्थ घेईल.

कातळखोद
टाकणखार, तुमच्या हरकतीनेच तो शब्द जास्त चपखल ठरतो. 'कोंतुबेर्नालिस'चंही नेमकं असंच आहे. 'कोन' म्हणजे सह आणि 'ताबेर्ना' म्हणजे खोपटं. एका छपराखालचा तो कोंतुबेर्नालिस. सैन्यात आठ जणांची एक राहुटी, एक जातं, सामान वाहायला एक खेचर. पण गुलामांना कायदेशीर लग्न करता येत नसे, म्हणून एकत्र राहणारी गुलाम जोडपी थडग्यांवर एकमेकांना हाच शब्द लावतात. म्हणजे लॅटिनमध्ये तंबूतला सोबतीही तोच आणि लग्नावाचूनचा संसारातला सोबतीही तोच. दोन्ही अर्थ असलेला मराठी शब्द आयता मिळतोय आणि आपण तो नको म्हणतोय?

अवांतर: तबेला हा शब्द या 'ताबेर्ना'वरूनच आला असावा असं मला फार दिवसांपासून वाटतं. खोपटं, मग गोठा, मग घोड्यांची जागा.

मोडीवाचक
तबेला अरबी 'तवीला'वरून आला. तवीला म्हणजे जनावरं ओळीने बांधायचा लांब दोर. लॅटिन धागा हवाच असेल तर 'अस्तबल' घ्या. लॅटिन 'स्ताबुलुम', त्याचं ग्रीकमार्गे अरबीत 'इस्तबल', तिथून आपल्याकडे अस्तबल. रोमन सैन्याबरोबर पूर्वेकडे गेलेला शब्द आहे तो.

मूळ प्रश्नाबद्दल: तंबू, राहुटी, पाल, डेरा हे शब्द सारखे धरू नका. डेरा सरदाराचा. आठ शिपायांची ती राहुटी किंवा पाल. मायन्यात 'एका पालातले' चालेल. आमच्याकडच्या जुन्या माणसांना 'एका पालात काढलेले दिवस' म्हटलं की फोड करून सांगावी लागत नाही.

पिंपळपान
'एका पालातला' आवडलं. पण हाक अजून सुटलेली नाही. शिवाय मराठीत मला थोरला-धाकटा ठरवावं लागतं. दादा लिहिलं की वय ठरलं. 'तू' लिहिलं की एक, 'तुम्ही' लिहिलं की दुसरं. लॅटिनमध्ये एका माणसाला एकच सर्वनाम, इंग्रजीतही आज एकच. मराठी वाचकाला पहिल्याच ओळीत नातं हुंगता येतं.

मांडवी
गोव्यातून. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत थोरल्या भावाला 'इर्मांव' म्हणतात. पोर्तुगीज 'इर्मांव', त्याच्या मागे लॅटिन 'गेर्मानुस', म्हणजे एकाच आईबापाचा. लॅटिनमध्ये सख्ख्या भावाला 'फ्रातेर गेर्मानुस' म्हणायचे, पुढे पोर्तुगीजमध्ये 'फ्रातेर' गळून गेलं आणि 'गेर्मानुस' तेवढं उरलं. का गळलं असेल? 'फ्रातेर' सगळ्यांनाच लागू व्हायला लागला म्हणून, असं मला वाटतं. मठातले साधू, शिपाई, सगळेच फ्रातेर. मराठीतही सख्खा असेल तेव्हाच 'सख्खा' जोडावा लागतो. याचा अर्थ नुसत्या 'भाऊ'त सख्खेपणा गृहीत नाहीच. संपादकांना हे सांगा.

रंकाळा
सख्खा म्हणजे मुळात सखा. मित्र तोच खरा भाऊ, असं भाषाच सांगते आहे!

मोडीवाचक
सख्खा 'स्वक'वरून, म्हणजे आपला स्वतःचा. सखाशी त्याचा संबंध नाही.

रंकाळा
'स्वक' कोणी बोलताना ऐकलाय? कोशातला शब्द घेऊन लोकांच्या कानाला खोटं पाडू नका.

शेंदरी
पत्राच्या मायन्यावर बोलू या का? मराठी पत्रलेखनात हा भेद पाळला जायचा. स्वतःच्या आईवडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्या जागी असलेल्या काका-मामांना 'तीर्थस्वरूप'. एका 'स्व'ने रक्त आणि मान वेगळे केले होते. शाळेत गुण कापायचे यावर. त्या चालीवर 'बंधुरूप' आणि 'बंधुस्वरूप' करता येईल.

इजिप्तमधल्या फायूमचा आपियोन नावाचा पोरगा दुसऱ्या शतकात इटलीत मिसेनुमच्या आरमारात भरती झाला, त्याचं बापाला लिहिलेलं ग्रीक पत्र प्रसिद्ध आहे. सुरुवातच 'वडील आणि स्वामी एपिमाखोस यांस'. समुद्रात जीव वाचला म्हणून सेरापिस देवाचे आभार, वाटखर्चाला सीझरकडून, म्हणजे सम्राटाकडून, ३ सोन्याची नाणी मिळाली, तुम्ही मला चांगलं शिकवलंत म्हणून लवकर बढती मिळेल, मग बहिणीची, तिच्या मुलीची, भावाची चौकशी. सोबत स्वतःचं चित्र पाठवलंय. आणि शेवटी, आता माझं नाव आंतोनियुस माक्सिमुस आहे. हे मराठीत आणायचं तर 'तीर्थरूप बाबांचे सेवेसी' हाच मायना मला सुचतो. 'प्रिय बाबा' लिहिलं तर 'स्वामी'मधला सगळा वचक गेला.

टाकणखार
तीर्थस्वरूपचा नियम शाळामास्तरांचा. जुन्या पत्रव्यवहारात इतकी काटेकोर फारकत मला दिसलेली नाही. आणि सेरापिसला मानणाऱ्या पोराच्या तोंडी 'तीर्थ' कशाला? तीर्थ शब्दाबरोबर काशी-गया आलीच.

शेंदरी
मग 'देव पावला'ही लिहू नका. प्रत्येक शब्दाची जात तपासत बसलं तर अनुवादाला भाषाच उरणार नाही. दीनार हा 'देनारियुस'वरून संस्कृतात आला. तो चालतो आणि उलट्या दिशेने 'तीर्थ' गेलेलं चालत नाही, हे पटत नाही. या शिपायांना पगार देनारियुसमध्येच मिळायचा, लीजनमधल्या शिपायाला सम्राट ऑगस्टसच्या काळी वर्षाला २२५, डोमिशियनने ३०० केला. पिंपळपान, तिथे 'दीनार' लिहायला कचरू नका.

फौजीची_नात
बायकांचं काय केलंत? कादंबरीत शिपायाची बायको असेलच. रोमन शिपायाला नोकरीत असताना लग्नाची बंदी होती ना?

आडवाट
हो. बंदी बहुधा ऑगस्टसची, सम्राट सेप्टिमियुस सेव्हेरुसने इ.स. १९७मध्ये उठवली असं मानतात. कायद्यात बायको नाही, म्हणून मुलंही बापाची नाहीत. पण ठाण्याबाहेरच्या वस्तीत संसार चालू. बटावियनांसारख्या (ऱ्हाइनकाठच्या जमातीच्या) साहाय्यक तुकड्यांतल्या शिपायाला २५ वर्षं झाली की नागरिकत्व, आणि त्या बाईशी केलेलं लग्न ग्राह्य धरण्याचा हक्क मिळायचा, तो ब्राँझच्या पत्र्यावर कोरून. मुलांनाही नागरिकत्व मिळे, ते इ.स. १४०च्या सुमारास बंद केलं. इजिप्तमध्ये शिपायाच्या अशा बाईला 'फोकारिया' म्हणत. 'फोकुस' म्हणजे चूल.

पिंपळपान
इंग्रजीत सरळ 'वाइफ' आहे. मी 'बायको' लिहिलं तर संपादकांनी समासात लिहिलं, 'लग्न झालेलं नाही, रखेल हवं.' मला तो शब्द लिहायचा नाही. पंचवीस वर्षं त्याची वाट बघणारी, त्याची पोरं वाढवणारी बाई आहे ती.

मोडीवाचक
रखेल अजिबात नको, अंगवस्त्र तर नकोच. त्या शब्दांत दुसरी कुणी लग्नाची बायको घरी आहे असं गृहीत असतं. इथे पहिली आणि एकच तीच. बायकोच लिहा. ज्या प्रसंगात कायदा आडवा येतो तिथे 'लग्नाची बायको नव्हे' असं कारकुनाच्या तोंडी घाला.

सैन्यात बाईबंदी आपल्याला नवी नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा दंडक आहे, बायको, बटीक, कलावंतीण बरोबर नसावी, ठेवील त्याची मान मारावी. पण तिथे बायको गावाकडे सुखरूप बायकोच होती. रोमन शिपायाचं दुखणं वेगळं, त्याची बायको कागदावरच नव्हती.

कातळखोद
'घर केलेली' म्हणा. 'तिने त्याच्याशी घर केलं' असं आमच्याकडे म्हणतात. किंवा पाटाची. फोकारियाला तर 'चूल मांडलेली' शब्दशः बसतं.

शेंदरी
पाट नको. पाट लावणं ही समाजमान्य रीत होती, पुनर्विवाहाची, त्याला जातीचे पंच साक्षीला असत. 'घर केलेली' बरं आहे, पण त्यात पहिल्या नवऱ्याला सोडून आल्याची छटा आहे.

कातळखोद
आमच्याकडे नाही ती छटा.

शेंदरी
आमच्याकडे आहे.

आडवाट
बहिणीचाही विचार करा. विंदोलांडाचंच क्लाउदिया सेव्हेराचं पत्र. ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला सुल्पिकिया लेपिदिनाला बोलावते. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या, आणि त्यात 'बहिणी, माझ्या जिवा' असं म्हणते. दोघी ठाणेदारांच्या बायका, रक्ताचं नातं नसावं. तिथे 'बहीण' कुणालाच खटकत नाही, कारण मराठी बायकांना परकीला ताई म्हणायची सवय आहे. मग थुत्तेनाला 'बहीण' ठेवलं तर भावाला का नाही?

टाकणखार
ताई आणि बहीण एक नव्हे. ताई हाक आहे, बहीण नातं आहे.

रंकाळा
आणि भावा दोन्ही आहे. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

मोडीवाचक
पिंपळपान, त्या वेल्देइयुसचा हुद्दा काय लिहिलात? पत्राच्या पाठीवर 'लोंदिनी', म्हणजे लंडनला, आणि 'सुभ्याच्या अधिकाऱ्याचा एक्विसिओ' असं आहे ना? घोड्यांची निगा राखणारा.

पिंपळपान
सध्या 'अश्वपाल' लिहिलंय.

मोडीवाचक
अश्वपाल काढून टाका. मोतद्दार लिहा. घोड्याला खरारा करणारा, दाणावैरण बघणारा तो मोतद्दार. आणि विरिलिसला पशुवैद्य कशाला? सरकारी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. सलोत्री लिहा.

टाकणखार
सलोत्री आज किती जणांना कळेल? शालिहोत्रावरून आलेला आहे म्हणून मला प्रिय आहे, पण तळटीप द्यावी लागेल. मोतद्दारपेक्षा साईस बरा.

फौजीची_नात
साईस आमच्याकडे टांगेवाल्याच्या पोराला म्हणायचे. सुभेदाराच्या पागेतला माणूस मोतद्दारच.

रंकाळा
त्या विरिलिसकडून पैसे देऊन जी मागवली ती कात्री की कातर? कात्री शिंप्याची. धनगर लोकर कातरतात ती कातर, एका पट्टीची, मधे वाकवलेली, दाबली की मिटते. सलोत्र्याकडची म्हणजे घोड्याची आयाळ कापायची असणार. कातर लिहा, कात्री नको.