मदत हवी आहे: अर्धवट अ‍ॅप आत्ताच लोकांच्या हाती द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी भागीदार लहान दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवतोय. अपॉइंटमेंट, रुग्णाची चालू औषधं, पुढची तारीख, एवढंच. मूळ काम नीट चालतं. रिपोर्ट निघत नाहीत, शोधायचं तर फक्त नावावरून.

तिचं म्हणणं, आत्ताच देऊन टाकू, काय कमी आहे ते वापरणारेच सांगतील. इथवर मलाही पटतं. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये कॉपी-पेस्टसुद्धा नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. तरी लोकांनी तो घेतलाच.

माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. नेट नसताना दोन फोनवरून एकाच रुग्णाची नोंद बदलली, तर नेट आल्यावर जी नंतर पोचते ती आधीचीला पुसून टाकते. समजा डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि काउंटरवर कुणी फक्त मोबाइल नंबर दुरुस्त केला, तर जुना डोस गुपचूप परत येतो. स्क्रीनवर कसलीही सूचना नाही. असं क्वचितच होईल, पण झालं तर भोगणार रुग्ण. रिपोर्ट नसला तर लोक कुरकुर करतील, हे मात्र कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुरुस्तीला दोनेक महिने लागतील आणि हातातले पैसे संपत आलेत. थांबावं, की ओळखीच्या एकदोन डॉक्टरांना सगळं सांगून द्यावं? अशा पेचातून गेलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ओळखीचे असले तरी रुग्ण त्यांचेच ना? या अवस्थेत कुणालाच देऊ नका. पण दोन महिने थांबायचीही गरज दिसत नाही. नेट नसताना नोंद फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, असं करा. हे काम दोन महिन्यांचं नक्कीच नाही. दवाखान्यात नेट गेलं की डॉक्टर वैतागतील, वैतागू देत. सोबत प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक (दर बदलाला एकाने वाढणारा आकडा) द्या आणि सर्व्हरवरचा क्रमांक पुढे गेला असेल तर सेव्ह नाकारा, कारण नेट असतानाही दोघांनी एकच नोंद उघडून ठेवलेली असू शकते. मग खुशाल द्या, पण मोजक्यांनाच. जीमेलही २००४ मध्ये आमंत्रणावरच मिळायचं.

आणि एक विचारतो: डोस आणि मोबाइल नंबर एकत्रच का सेव्ह होतात? बदललेला रकानाच तेवढा पाठवला तर निम्मं दुखणं तिथेच संपेल. डेटाबेस कोणता वापरताय?