सन्मान निधी कुणाला: सातबाऱ्यावरच्या नावाला, की पेरणाऱ्याला?

बांधावरचा (यवतमाळ)
पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००. पैसे थेट खात्यात जमा होतात, मधे कुणी हात मारत नाही, हे चांगलंच. पण खातं कुणाचं? सातबारा ज्याच्या नावावर त्याचं. आमचा शेजारी पाच एकर मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने करतो. अक्षय्य तृतीयेला मक्ता रोख मोजून दिला, बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललं आणि ऐन काढणीच्या पावसात सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. हप्ते मालकाला, अतिवृष्टीची मदतही मालकालाच. मालक शहरात दुकान चालवतो, वावरात पाय ठेवत नाही. हा पैसा पेरणाऱ्यालाच मिळायला हवा.

सातबारा
साफ असहमत. पेरणारा कोण हे ठरवणार कसं? मक्ता तोंडी असतो, कारण लिहून दिलं की कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवरच हक्क सांगेल, ही धास्ती. आमची अर्धी जमीन आजोबांच्या काळात तशीच गेली. सरकारने मक्तेदाराच्या खात्यात पैसे टाकले, तर उद्या तीच नोंद घेऊन तो तहसीलमध्ये उभा राहील. मग मालक जमीन पडीक ठेवतील, पण देणार नाहीत. तुमच्या शेजाऱ्याचे हप्ते तर सोडाच, वावरही जाईल.

काळी माती
ओडिशाने कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनांनाही धरलं होतं, म्हणजे करायचं ठरवलं तर वाट निघते. उलट उदाहरण तेलंगणाचं. २०१८ च्या रयतु बंधूत एका हंगामाला एकरी ४,००० रुपये, एकरांना मर्यादाच नाही आणि मक्त्याने कसणाऱ्याला काहीच नाही. जितकी जमीन मोठी तितका चेक मोठा.

हमीभाव आधी
तुम्ही दोघं दोन हजारांच्या हप्त्यावर भांडताय. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, बाजारात चार हजारांच्या आसपास माल गेला. दहा क्विंटलवाल्याचे आठ हजारांवर तिथेच गेले. भाव द्या, निधी नको.

बांधावरचा
भाव हवाच, त्यावर वाद नाही. पण भाव मिळाला तरी दुष्काळात मदत कुणाच्या नावावर निघणार, हा प्रश्न राहतोच. आणि सातबारा, कुळाच्या भीतीवर उपाय कागदावर तयार आहे. नीती आयोगाने २०१६ मध्येच जमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा दिला: मालकी मालकाचीच, करार संपला की जमीन परत, तेवढ्या काळात पीककर्ज, विमा, आपत्तीची मदत कसणाऱ्याला. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद होतेच आहे, तिथे 'कसणारा' हा रकाना घाला आणि त्यावरून कुळाचा हक्क लागणार नाही हे कायद्यातच लिहा.

विहीर
मालकांमध्येही सगळे सुखी नाहीत. माझ्या वहिनीचा नवरा गेला, वारसाचा फेरफार अडकला, हप्ता थांबला. सेतूत गेलं की तलाठ्याकडे जा, तलाठ्याकडे गेलं की ई-केवायसी करा. निंदणी तीच करत होती, फवारणीही तीच. आधी बाईचं नाव सातबाऱ्यावर येऊ द्या, मग मक्तेदाराचं बोला.

सातबारा
वहिनींचं पटलं, वारसनोंदीला मुदत हवीच. पण बांधावरचा, आदर्श कायदा हा मसुदाच असतो. विधानसभेत तसा कायदा होऊन कुळाची तरतूद बदलली, तर पहिला लेखी करार मी करून देईन. तोवर माझा मक्ता तोंडीच.

बांधावरचा
मग मालकांनीच आमदाराकडे ही मागणी लावा. मक्तेदाराचं तिथे कोण ऐकतो?