चॉकलेट सोडण्याआधी उपास बघा

मायग्रेनला (अर्धशिशीला) काय पथ्य पाळावं या प्रश्नावर दोघातिघांनी चॉकलेट, चीज बंद करा असं सुचवलंय. काहींना त्याने फरक पडतोही, पण चॉकलेटचं कधीकधी उलटं असतं. मायग्रेन उठायच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवसापासूनच, जांभया येतात, मान आखडते आणि काहींना गोडाची तलफ येते. म्हणजे चॉकलेट तोंडात टाकलं तेव्हा दुखणं निघालेलंच असतं, आळ मात्र बिचाऱ्या चॉकलेटवर!

आपल्याकडे जास्त घात करतो तो कडक उपास, आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. माझ्या आईची संकष्टी म्हणजे दिवसभर चहाचा घोटही नाही, चंद्रोदय रात्री ९ च्या आसपास, आणि नैवेद्य होईपर्यंत ही कपाळाला पदर आवळून अंधाऱ्या खोलीत. रिकामं पोट तर मायग्रेनला निमित्तच. त्यात रोजचा चहा एकदम तोडला की १२ ते २४ तासांत कॅफीनअभावी डोकं धरतं ते वेगळं. आता ती सकाळचा चहा घेते, दुपारी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी, मधे ताक. उपास तसाच चालू आहे, खोलीत पडून राहणं बरंच कमी झालंय.

आल्याचा काढा खुशाल घ्या. पण डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यातून १०-१५ दिवस लागत असतील तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखत राहू शकतं, तिथे पथ्य पुरत नाही, डॉक्टरच गाठावा लागतो.